कलम सात

वानाद्झोरच्या कापड गिरणीची खानावळ मिळाली,
अट एकच : खुर्च्या आपापल्या आणायच्या.
माणसं सहा, संगणक सहा.
माणसं जमवणं सोपं गेलं,
इथे कुणाचंही दार वाजवा, आत पट मांडलेलाच असतो.
संगणकांसाठी मात्र मिनतवाऱ्या कराव्या लागल्या.
दोन रासायनिक कारखान्याच्या हिशेबखात्यातले,
एक भूकंपमापन केंद्रातला, तो आणला घसरगाडीवरून
नवऱ्याच्या ओव्हरकोटात गुंडाळून.
नवरा म्हणाला, "मला कधी इतकं जपून नेलंस?"

नियम लिहायला बसले स्वयंपाकघरात, हातमोजे घालून.
सहा कलमं भराभर झाली :
यंत्राच्या वतीनं मोहरी एक मुलगा हलवेल,
डावाआधी हात तोच मिळवेल,
हरलं तर हार तोच कबूल करेल.
कलम सात : वीज गेली तर?

वीज जाणारच. दिवसाला दोन तास येते,
घाईतल्या पाहुण्यासारखी, कोट न काढता.
भट्टीवाल्या सुरेननं जनरेटर देऊ केला,
डिझेलचं नाव काढल्यावर हसला.
मी लिहिलं : दोन्ही घड्याळं थांबतील.
वार्दगेस, एके काळचा मास्टर, आता बाजारात सुट्या बॅटऱ्या विकतो,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"आणि मला डुलकी लागली तर? थांबेल माझं घड्याळ?"
"नाही."
"काल रात्री जेवलो नसलो तर?"
"नाही, वार्दगेस."
"बरं. सहज विचारलं."

चारला आली.
चार चाळीसला गेली.
सहा पडदे एकदम मिटले, आणि अंधारात
बारा घड्याळांपैकी निम्मी टिकटिकत राहिली,
ती मी चाचपडत एकेक बंद केली.

पाचव्या पटावर क्नारिक. ट्रॉलीबस चालवायची,
तारांत वीज होती तेव्हा.
हत्ती गेलेला, राजा कोपऱ्यात अंग चोरून.
समोर ह्राच, चौदा वर्षांचा, यंत्राचा हात.
पडदा मिटण्याआधी त्यानं पुढची खेळी वाचली होती.
मेणबत्ती आली तेव्हा त्याच्या कानांवरून कळलं,
लाल झाले होते, आणि थंडीनं नव्हे.

एक तास गेला. मग आणखी थोडा.
बाकीचे उठले, खुर्च्या डोक्यावर घेऊन
बर्फातून घरी गेले.
क्नारिक उठेना.
"तू खेळ," ती मुलाला म्हणाली.
"मी खेळत नाही. मी फक्त हलवतो."
"मग आज खेळ."
दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
मी कागद ज्योतीजवळ नेला.
कलम सातमध्ये याबद्दल अक्षर नव्हतं.
मागच्या बाजूला माझ्याच हातचं होतं :
रॉकेल, मीठ, आगपेट्या.
मी मान हलवली. होकाराची की नकाराची
ते माझं मलाच ठाऊक नाही.

त्याचा हात वजिराकडे गेला.
आता मलाही दिसली, तीन खेळ्यांत मात.
हात तिथंच थबकला, मग बाजूला सरकला
आणि टोकाचं प्यादं एक घर पुढे गेलं.
"हे काय?" क्नारिक जवळजवळ चिडलीच.
"ती माझी नव्हती," तो म्हणाला.

मग दोघं खेळले. घड्याळाशिवाय,
मधूनच बोटं काखेत धरून.
तो वाईट खेळला, हट्टानं खेळला,
एकदा घोडा मागे घेऊ का म्हणून विचारलं,
ती "नाही" म्हणाली आणि मग "घे."
बहात्तराव्या खेळीला हरला.
हात पुढे केला, या खेपेला कुणाच्याही वतीनं नाही.
तिनं तो धरला, आणि बराच वेळ सोडला नाही;
गारठला होता म्हणून, असं नंतर तिनंच सांगितलं.

माझ्या तक्त्यात रकाने दोनच होते.
पेन्सिल कानावरच राहिली.

सव्वादहाला वीज आली.
पाचवं यंत्र घुरघुरलं, डोळे चोळत जागं झालं,
काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली,
डावाचा मागमूस नाही, पहिलाच प्रश्न :
आजची तारीख?

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.
"मंगळवार," क्नारिक म्हणाली.
"एवढं नक्की."