मातीतली मूठ

वरुडकडच्या नर्सऱ्यांत
दिवसाला हजार डोळे बांधणारे गडी आहेत.
मी सातशेवाला.
पण माझे डोळे शंभरातले चार-पाचच वाळतात,
बाकी सगळे फुटतात,
अन् लोक म्हणतात, हाताला गुण आहे.
मी काही बोलत नाही.
खिशात हात घालून उभा राहतो.

खिशात उकंडरावचा चाकू असतो.

मिटला की चार बोटं, उघडला की वितीला जरा कमी.
पातं आरागिरणीच्या मोडक्या पट्टीचं,
रिबिटा स्टोव्हच्या पितळी टाकीतून कापलेल्या,
मुठीला म्हशीचं शिंग, एक बाजू काळी, एक भुरकी,
कारण म्हैसच तशी होती.
पाठीतली कमान कुठल्या घड्याळाची, तो सांगत नाही.
त्या साली ग्रामपंचायतीचं घड्याळ बंद पडलं,
एवढं मला माहीत आहे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं माप घेतलं नाही.
ओल्या मातीचा गोळा हातात दिला.
"दाब."
दाबला.
"असा नाई. डोळा काढतानी धरतं तसा."
मग मी मनात जंबेरीचा खुंट उभा केला,
वाकलो, सालीवर अंगठा टेकवला,
श्वास धरला.
त्यानं गोळा अलगद काढून घेतला, फळीवर ठेवला,
खिळ्यानं खाली माझं नाव कोरलं, वेलांटी चुकवून.
"बुधवारी ये."

तो बुधवार साडेतीन महिन्यांनी आला.
मधल्या प्रत्येक बाजाराला मी त्याच्या भट्टीशी बसलो.
कधी कोळसा ओला, कधी भाचीचं लग्न,
कधी माझ्या डोळ्यांदेखत शेगड्यात धरून
त्यानं तयार पातं वाकवलं, अन् ते मोडलं.
"पोलादाले तहान रायते," म्हणाला,
"पन जास्त पाजलं त कचकते."
मोडलेलं पातं मी हळहळत उचललं.
तो तोवर दुसरं तापवायला लागला होता.

दिला तेव्हा धार दाखवली नाही.
कानाशी धरून मिटला.
टक्.
"खट वाजला त आतून सैल.
फुस्स झाला त कमान मेली.
हे आयकत जाय."

बारा वर्षं ऐकतो आहे.
खुंटावर उभी चीर, आडवी चीर,
शेपटीकडच्या हाडाच्या जिभेनं साल उचलायची,
झोपल्या पोराच्या अंगावरची गोधडी काढावी तशी,
आणि आत डोळा सरकवायचा, डोळ्याला न कळता.
पुतण्यानं अमरावतीहून एक आणला,
बटन दाबलं की उडतो.
त्यात बाटली उघडता येते, स्क्रू पिळता येतो,
कंगवासुद्धा आहे.
साल तेवढी उचलता येत नाही.

यंदा माझा अंगठा गेला.
म्हणजे आहे जागेवर, पण दुपारनंतर ऐकत नाही.
घरी सांगितलं नाही.
उकंडरावकडे गेलो, म्हटलं, चाकू बिघडला.
त्यानं एकदा मिटून ऐकला,
माझ्याकडे पाहिलं,
अन् मातीचा गोळा पुढे केला.

फळीवर साठ-सत्तर मुठी आहेत.
कुणी गवंडी, कुणी बकऱ्या चारणारा,
आडव्या फाटलेल्या, धूर बसलेल्या.
निम्मे धनी आता नाहीत.
"ह्या काहून ठेवल्या?"
"माती परत मळता येते," तो म्हणाला, "हात कुठून आनू?"

नवी मूठ त्यानं जुनीशेजारी ठेवली.
चष्मा वर केला, खाली केला.
"अंगठा हरला तुया.
पन हे पाय, करंगळीनं काम उचललं."
मला ठाऊकच नव्हतं.
"पातं तेच ठेवू. शिंग बदलू."
"पैसे किती?"
"बुधवारी सांगतो."

आज सातवा बुधवार.
डोळे बांधायचे दिवस सरत आले,
मालक दोनदा निरोप धाडून बसला.
मी रिकाम्या खिशात हात घालून त्याच्या दारात,
आत कानस चालली आहे,
थांबते,
पुन्हा चालते,
अन् खिशात माझी करंगळी
आपणहून वळते आहे.