तिसरी गिटार

वडशाच्या दुकानात नवी होती, काळी,
साडेसात हजार, पिकअपसकट.
वाजवून पाहिली, तर आवाज नव्या चपलेचा:
चावणारा.

दुसरी साधीच, बावीसशेची.
"पट्टी ठोका, तारा उचला,
झाली हवाईयन," पोरगा म्हणाला.
मी मान डोळ्यासमोर धरून पाहिली,
शाफ्ट पाहतो तशी.
वाकडी.

तिसरी दुधराम मडावींच्या खाटेखाली,
युरियाच्या पोत्यात.
तीस हंगाम नाटकांच्या मांडवांत
रात्रभर जागलेली.
पोटाला भेग, भेगेत फेव्हिकॉल,
एक खुंटी जाम.
"किती द्यायचे?"
"पयले मांडीवर त घे."

घेतली.
नखांत सकाळचं ग्रीस.
तारेवर फिरवायचं स्टील कधीचंच हरवलेलं,
म्हणून खिशातली पिस्टनपिन काढली,
जुन्या ट्रॅक्टरची, झिजून गुळगुळीत.
तारेवर ठेवली, सरकवली.
सा निघाला तो मपर्यंत
कुठं थांबलाच नाही,
गिअर न बदलता चढ चढावा तसा.

म्हातारा भिंतीकडं तोंड करून बसला होता.
त्याची बोटं गुडघ्यावर
माझ्या अर्धा क्षण पुढं सरकत होती.

"बाराशे दे," म्हणाला,
"अन् ते पिन मले ठेवून जाय."

कशाला, विचारलं नाही.
दिली.

ब्रह्मपुरीपर्यंत पोतं पाठीला बांधून आलो.
प्रत्येक खड्ड्यात ती
आतल्या आत काहीतरी म्हणायची.
खुंटीला रात्री डिझेल सोडलं,
आता भंगारात
दुसरी पिन शोधतोय.