बरणी

सोमवारी सकाळी आयपेरीच्या बुटांतून
कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत वाळू सांडली.
मी झाडू आणला, तर म्हणाली, थांब.

तिच्या देशाला समुद्र नाही.
ताम्हिणीत दोनदा ओकली,
आणि दिवेआगरला पोचल्यावर
तासभर पाण्याकडे गेलीच नाही,
सुरूखाली चपला हातात घेऊन उभी,
कुणी आत या म्हणेल म्हणून.

मग गुडघाभर पाण्यातून आईला फोन.
त्यातलं मला काही कळेना.
एवढंच, की बोलता बोलता ती थांबली
आणि फोन लाटांकडे धरून राहिली.
पलीकडूनही बराच वेळ
कुणी काही बोललं नाही.

लेक्चर साडेनऊला.
वाळू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरली आहे.
झाकण उघडलं की अजून
मोहरीचाच वास येतो.