चौथं कलम

तारकर्लीचं बुकिंग रद्द केलं तेव्हा
अडीच हजार कापले गेले.
सुबोध काही बोलला नाही, नुसती पावती
विजेच्या बिलांच्या फायलीत लावून ठेवली,
जिथं ती मला दर महिन्याला दिसेल.

मग गार्गीनं तह लिहिला,
जांभळ्या स्केचपेननं, आणि फ्रिजवर चिकटवला:
पहाटे पाच ते आठ आई पुस्तकाची.
आठनंतर आई आमची.
जेवताना वही नाही.
आणि चौथं कलम, दोनदा अधोरेखित,
अंगानं इथे न् मनानं तिथे, असं चालणार नाही.
खाली सगळ्यांच्या सह्या.
निषादचा अंगठा, सॉसमध्ये बुडवून.

वारज्याच्या चौथ्या मजल्यावर मे महिना
माझ्याबरोबर पाचलाच उठतो.
हायवेवरून ट्रक कात्रजकडे जातात,
टाकीत पाणी चढू लागतं,
आणि सतराव्या प्रकरणात
यमुना उंबऱ्यात उभी असते,
हातात तार.
अकरा दिवस झाले.
उघडलेली नाही.

तारेत काय आहे ते मला ठाऊक आहे.
तिला नाही.
मी एक स्वल्पविराम काढते, पुन्हा घालते,
तिच्या लुगड्याचा रंग बदलते,
अंगणात एक शेळी आणून बांधते,
तेवढ्यात आठ वाजतात.
किती बरं वाटतं आठ वाजले की!

आठनंतर मी आदर्श.
कात्रजला पांढऱ्या वाघासमोर पाऊण तास
(वाघ झोपलेला, शेपटी तेवढी जागी).
मार्केट यार्डातून आंब्याची पेटी, पलंगाखाली अढी,
रोज कोणीतरी एक दाबून बघतो आणि ओरडा खातो.
संध्याकाळी खडकवासला.
गाड्यांची ही रांग, कणसांचा धूर,
अर्धं शहर पाण्याकडे तोंड करून बसलेलं.
सुबोध म्हणाला, "समज, हीच तारकर्ली."
मी हसले,
आणि चौथं कलम तिथंच मोडलं.
एक बाई पदराखाली काहीतरी धरून चालली होती,
मी तिचा हात बघत राहिले.

गार्गीनं पकडलं.
"आई, ती अजून दारातच आहे?"
"हो."
"तार हातातच?"
"हो."
"अकरा दिवस! मग घामानं भिजली असेल ती.
अक्षरं फुटली असतील."
एवढं बोलून उरलेलं कणीस
ती निषादला द्यायला गेली.
त्याच्यावरचं तिखटमीठ तिनं आधीच चाटून घेतलं होतं.

फुटली असतील.

मी कठड्यावर नुसती बसून राहिले.
तीन वर्षं मी यमुनेच्या पोराला मारायला निघालेय.
त्याचं नाव ठेवलं, गोवर काढला,
मिसरूड फुटू दिलं,
आणि आता पहाटे म्हणते, आठ वाजू देत,
आठनंतर म्हणते, काय करू, पुस्तक आहे ना.
दोन्ही कचेऱ्यांत माझा रजेचा अर्ज,
दोन्हीकडे मीच मंजूर करणारी.

परतताना निषाद मांडीवर झोपला.
त्याचे पाय सीटच्या बाहेर लोंबत होते.
एवढे लांब कधी झाले?
मी तर इथंच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे यमुनेनं तार उघडली.
"मुलगा" एवढंच वाचता आलं,
पुढे निळा डाग.
तिनं तो उन्हात धरून बघितला, वाळवला,
मग चपला न घालताच
मास्तरांच्या घराकडे निघाली.
ते काय सांगतील, मला आता माहीत नाही.
शेळी खोडून टाकली.

सात वाजून दहा मिनिटं.
उरलेली पन्नास मिनिटं तहात कुणाच्याच नावावर नव्हती.
मी आत जाऊन निषादशेजारी आडवी झाले
आणि त्याच्या तळव्याला तळवा लावून
मोजू लागले.