हिराकस

बाटलीवर छापलंय : फेरस सल्फेट, रोज बारा थेंब,
उपाशीपोटी, जमल्यास संत्र्याच्या रसातून.
संत्री इथे पोचेस्तोवर सुरकुततात.
मी लिंबू सांगते.

मी खालची, समुद्राकाठच्या चिंबोतेची.
पितुमार्काच्या चढावर अजून धाप लागते
आणि दुसऱ्यांचं रक्त मोजायला मलाच धाडतात.

फोर्तुनाताच्या पोरीचं, साइदाचं, बोट टोचलं.
यंत्र म्हणालं बारा. फोर्तुनाता हसली.
मी कागदावर दोन वजा केले :
इतक्या उंचीवर रक्त जास्तच दिसतं,
खरं धरायचं ते दहा.
"सिकुआनीचा लोकरवाला असंच करतो," ती म्हणाली.
"तो मातीची वजावट करतो, तू हवेची."
मला उत्तर सुचलं नाही. बाटली दिली.
दात काळे पडतील, शी काळी होईल,
घाबरू नकोस, म्हटलं.

महिन्याने गेले तर बाटली रिकामी
आणि पोरीचे दात पांढरेशुभ्र.
इतके शुभ्र की मला कळलंच.

मी रागावले. सरकारी औषध, किती लांबून येतं, वगैरे.
माझाच आवाज मला भिंतीवरच्या पत्रकासारखा ऐकू आला.

ती उठली. चुलीमागून लोकरीची एक लड काढली.
निवडुंगावरच्या किड्यांचा किरमिजी रंग होता म्हणे आधी;
आता जांभळा, शाईकडे झुकलेला,
दिवा लावायला उशीर झालेल्या घरासारखा.
"झाकण उघडलं तेव्हाच ओळखलं. हा कोल्पा.
आई डोंगरातून खणून आणायची, हिरवट खडे.
हंड्यात चिमूटभर टाकलं की रंग धरून बसतो.
म्हणून आधी लोकरीला पाजलं.
तीनदा नदीत धुतली, आठ दिवस उन्हात टांगली.
बघ. उतरला नाही."

लड अजून ओलसर होती.
वास, नाणं चाटल्यासारखा.

"आता दुसरी बाटली दे. पोरीला देते."

कागदावर रकाने दोनच : घेतलं, घेतलं नाही.
मी पेन नुसतं धरून बसले.
साइदा चमचा बघूनच तोंड वेंगाडू लागली.
फोर्तुनाता थेंब मोजत होती,
नखांच्या कडा तिच्या कायमच्या काळ्या.
अकरा. बारा.
तेरावा तिने स्वतःच्या जिभेवर घेतला,
डोळे मिटून,
आमटीचं मीठ बघतात तसा.