एकशे बाराव्या मैलापाशी

रूळ उचलून नेले त्याला चाळीस वर्षं झाली.
भराव तेवढा राहिलाय, मोंटानाच्या उत्तरेला,
राखाडी झुडपांतून सरळ,
पट्टीने ओढावा तसा.
खांब काही उभे, काही एका खांद्यावर कलंडलेले,
आडव्या दांड्यांवर लाकडी खुंट्या
बोडक्या.

डेलमार हॉगन, वय एकोणऐंशी,
वर बघतच नाही.
मोडक्या छत्रीच्या दांड्याने गवत सारतो,
आधी दोनदा आपटून,
सापाला कळावं, बाबा रे, मी आलोय.

मागून रोझली अझूर गाडी आणते, मुंगीच्या पावलाने.
जमीन तिची, गुडघे त्याचे,
म्हणून असा करार:
निळी सापडली तर त्याची,
जांभळी सापडली तर तिच्या खिडकीत.

'जांभळी करतं कोण?'
'ऊन. ओतली तेव्हा पांढरीच असते. आत मँगनीज.
शंभर उन्हाळे खाल्ले की रंग चढतो.'
एवढं लांब तो आठवड्यातून एकदाच बोलतो.

मग पुन्हा दांडा, गवत, दांडा.
बियरची बाटली. बुटाचा तळवा.
आणि तुकडे, प्रत्येक खांबाच्या बुडाशी,
मूठमूठभर.
'पोरांनी नेम धरून फोडल्या असणार,' ती म्हणते.

तो थांबतो.
'पोरांनी नाही.'

एकाहत्तर साली तारा उतरवायचं काम निघालं.
तांबं वजनावर जायचं, काचेला कोण विचारतो?
आटे सोडवत बसायला वेळ लागे,
हातोड्याला लागत नसे.
दिवसाला दोनशे.
'आवाज छान यायचा,' तो म्हणतो. 'खोटं कशाला बोलू.
मजा यायची.'

रोझली इंजिन बंद करते.
वारा येतो, वाजवायला तार नाही,
नुसताच पुढे जातो.

गव्हाचा भाव. गाडीला उशीर. मुलगी झाली.
बाप गेला, लवकर ये.
यातलं काही ओल्या लाकडात झिरपू नये,
वाटेतच मातीत जिरू नये,
म्हणून मुठीएवढी काच मध्ये बसून होती.
सगळं तिच्या गळ्याला बिलगून गेलं,
तिच्यात काही शिरलं नाही.

बिजूच्या बिळाशी, पालथी, चिखलाने भरलेली,
एक.
तो थुंकी लावून सदऱ्याने पुसतो.
फिकट निळसर, खालच्या काठाला बारीक दातांची ओळ
पावसाचे थेंब ओघळायला,
पोटात एक बुडबुडा, ओतणाऱ्याच्या घाईचा.
आणि काठावर टवका, नखाएवढा.
तो अंगठा त्यात बसवून बघतो.
हातोडा निसटला होता
त्या दिवसाचा.

'टवका गेलेलीला किंमत नसते ना?'
'छे.'

तो ती दोघांच्या मधल्या सीटवर ठेवतो,
जरा विचार करतो,
आणि तिला पट्टा लावतो.

'चल. उजेड आहे तोवर
अजून सहा खांब.'