चौथी

शुक्रवारची मिस्सा सुटली की
हॉलमधल्या खुर्च्या आम्ही भिंतीला लावतो.
अहमदीत मनोरा नाही, मनोऱ्यातली घंटाही नाही.
आहे तो एक लाकडी खोका,
तेलकंपनीतला कुणी साहेब जाताना ठेवून गेलेला.
आत मखमलीचे सहा खळगे,
सहा हातघंटा, चामड्याच्या मुठींच्या.
सहावीला चीर आहे. ती वाजत नाही, खोकते.

दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचं काम सांतानचं.
मगरिबच्या अजानीला आम्ही थांबतो,
कुणी सांगितलं नाही, तसंच चालत आलंय.
मी लॅबमधून हातमोजे आणते,
घामेजल्या बोटांनी पितळ काळवंडतं म्हणून.

हे गाणं नव्हे. नुसते आकडे.
एक दोन तीन चार पाच सहा,
मग दोन एक चार तीन सहा पाच,
आणि असंच, शेजाऱ्याशी जागा बदलत
रांग पार उलटी होते, पुन्हा सुलटी.
घरचे पाढे पाठ असलेल्यांना जमावं
असं वाटतं. जमत नाही.
मी चौथी. तिसरी होते, दुसरी, पहिली,
पहिल्या जागी दोनदा वाजवायचं
आणि निमूट मागे फिरायचं.
तीन वर्षं झाली. मला आता चौथीच म्हणतात,
पगाराच्या पावतीवरलं नाव फक्त फिलूला ठाऊक,
तीही इस्पितळात माझ्याच मजल्यावर म्हणून.

मनवेल डाबरे मिना अब्दुल्लाला क्रेन चालवतो.
चाळीस मीटर उंचीवरून हात न थरथरता टन उतरवणारा माणूस,
दुसरी घंटा हातात आली की ओठ हलवून मोजतो.
त्याने एकदा विचारलं, तुझं गाव कुठलं?
मेणवली, म्हटलं. वाईजवळ.
तो हसला नाही. म्हणाला,
म्हणजे आमची घंटा तुमच्याकडे.

आमच्याकडे आहे खरी, कृष्णेच्या घाटावर,
चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली म्हणतात.
लहानपणी तिच्याखाली उभं राहून
दगड मारायचो आम्ही, आवाज छातीत शिरायचा.
कुणाची, ते विचारायचं वय नव्हतं.
परत देता का, पास्कोल म्हणाला,
कार्गोचा खर्च मी करतो.
सगळे हसले. मीही. पण मनवेल
मखमलीवरची धूळ झाडत राहिला.

पुढच्या शुक्रवारी मी भावाला फोन लावला.
इथे साडेपाच, तिथे आठ वाजून गेलेले.
भाऊ कुरकुरला, पायऱ्यांवर अंधार आहे,
एक कुत्रं आहे, लोक काय म्हणतील.
मग त्याने वाजवली.

फोन टेबलावर, खोक्याशेजारी ठेवला होता.
आधी नुसती खरखर, मग एक ठोका,
स्पीकरला न पेलवणारा,
फाटून आलेला, तरी लांब चाललेला.
इंत्रूने एसी बंद केला.
दुसऱ्या ठोक्याला मनवेलने आपली घंटा उचलली,
हळूच हलवली. जुळेना.
पास्कोलने तिसरी दिली, मग पाचवी.
फिलूने खोकणारी सहावीसुद्धा करून पाहिली.
सूर कुठेतरी दोन घंटांच्या मधे पडत होता,
जिथे आमच्याकडे खळगाच नाही.

अजून एकदा, मनवेल म्हणाला.
भाऊ म्हणाला, पुजारी उठलेत, ठेवतो.

खोलीत बराच वेळ गरम होत गेलं.
कुणीतरी विचारलं, किती मोठी आहे?
मी हात पसरले, मग आणखी पसरले,
माप नक्की आठवेना.

चला, पहिल्यापासून, सांतान म्हणाला.
एक दोन तीन चार पाच सहा.
मी पुढे आले, पहिल्या जागी पोचले,
एकदा वाजवलं, दोनदा,
आणि तिसऱ्यांदाही.
सगळी रांग माझ्यावर कोसळली.
एरवी दंड चहाचा असतो.
त्या दिवशी कुणी मागितला नाही.
मनवेलने टॉवेल काढला, घडी घातली,
दार थोडं उघडंच राहू दिलं.